साताऱ्यात बसून ऑरेगनचा नकाशा कसा काढावा

माझं माहेर दहिवडी, सासर सातारा, आणि आता लेक पोर्टलँडला. म्हणून अमेरिकेतलं ऑरेगन राज्य शिकावंच लागलं. अ‍ॅटलास नको. वहीचं आडवं पान आणि पेन्सिल बास.

चौकोन काढा. डावीकडे प्रशांत महासागर. वरची कड बरीचशी कोलंबिया नदीची, ती वाकडीतिकडीच काढा. खालची पट्टीनं: 42 अंश अक्षांश, पलीकडे कॅलिफोर्निया आणि नेवाडा. उजवीकडे आयडाहो, तिथली वरची अर्धी हद्द स्नेक नदीची. या चौकोनात आपल्यासारखे चोवीस जिल्हे मावतील.

आता पाऊस. ढग समुद्राकडून, डावीकडूनच येतात. किनाऱ्याला एक बुटकी रांग, मग विलॅमेट नदीचं सुपीक खोरं (पोर्टलँड, राजधानी सेलम इथंच), मग कॅस्केडची उंच रांग. त्यातला माउंट हूड 3,429 मीटर. महाबळेश्वर त्याच्या निम्मंही नाही. कॅस्केड ओलांडली की पाऊस आटला. उजवीकडचं दोन तृतीयांश पान कोरडं ठेवा आणि त्यावर 'माण-खटाव' लिहा. मी लिहिलंय.

एकच गोष्ट उलटी: तिथला पाऊस हिवाळ्यातला. मी जुलैत छत्री, रेनकोट, प्लॅस्टिकच्या चपला घेऊन गेले. महिनाभर शिंतोडा नाही. लेक अजून हसते.

दगड मात्र ओळखीचा, काळा पाषाण. आपला सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, कोलंबियाकाठचा 1.6 कोटींच्या आसपासचा. म्हणजे धाकटं भावंडच. कॅस्केडच्या दक्षिण टोकाकडे एक गोल काढा: क्रेटर लेक. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखी फुटून आत ढासळला, खड्ड्यात पावसाचं आणि बर्फाचं पाणी साठलं. खोली 594 मीटर. तिथल्या मूळ रहिवासी क्लामथ लोकांच्या गोष्टींत तो स्फोट अजून आहे.

सनावळ्या नदीकाठानं लिहा. कोलंबियाच्या मुखाशी 1805, शोधप्रवासी लुईस आणि क्लार्क पोचले ते साल. तिथंच 1811, अ‍ॅस्टोरियाचं फर-व्यापाराचं ठाणं. विलॅमेटच्या खोऱ्यात 1840 चं दशक: बैलगाड्यांनी 3,000 किलोमीटरहून जास्त वाट तुडवत शेतकरी आले. जमीन मूळच्या कलापुया लोकांची होती; तापाच्या साथींनी त्यांची गावं आधीच ओस पडली होती. सेलमजवळ 1859, तेहतिसावं राज्य. समासात लाल पेनानं 1926: कृष्णवर्णीयांना वस्तीची बंदी घालणारं कलम घटनेतून तेव्हा कुठं निघालं.

डावी कड शेवटी निळी करा. 1967 च्या कायद्यामुळे तिथल्या वाळूवर कुणीही फिरावं. ऑगस्टमध्येही शाल न्या. पाणी कोकणासारखं कोमट नाही, बर्फगार असतं.