निष्कर्ष पटला म्हणजे तर्क बरोबर? विचार करताना या चुका टाळा

सगळे पक्षी अंडी घालतात. चिमणी अंडी घालते. म्हणून चिमणी हा पक्षी आहे.

वाचताना मान आपसूक डोलली असेल, तर आता एकच शब्द बदलून बघा. सगळे पक्षी अंडी घालतात. मगर अंडी घालते. म्हणून मगर हा पक्षी आहे.

साचा तोच आहे, वाक्यांना निष्कर्षाशी बांधणारी जोड तीच आहे. पहिल्या वेळी जोड तुटकी असल्याचं लक्षात आलं नाही, कारण शेवटचं वाक्य आपल्याला आधीपासून माहीत होतं आणि ते खरंही होतं. मग मधल्या ओळी तपासायला वेळ कोण घालवतो? मगरीपाशी पोचल्यावर मात्र आपण दचकलो आणि मागे वळून वरची वाक्यं पुन्हा वाचली. खाली ज्या चुकांबद्दल लिहितोय, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ याच सवयीत आहे: निष्कर्ष खटकला की तपासायचं, गोड वाटला की पुढे सरकायचं.

चूक: ‘यातून निघतं का?’ आणि ‘हे खरं आहे का?’ हे एकच प्रश्न समजणं

1983 मध्ये मानसशास्त्रज्ञ जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लोकांना असे युक्तिवाद दिले आणि सांगितलं, निष्कर्ष दिलेल्या वाक्यांतून निघतो की नाही एवढंच बघा. तर्क चुकीचा पण निष्कर्ष पटणारा असेल, तर सुमारे 71 टक्के वेळा तो मान्य झाला. तर्क बिनचूक पण निष्कर्ष न पटणारा असेल, तर हेच प्रमाण 56 टक्क्यांवर आलं. म्हणजे चुकीचा तर्क बरोबर तर्कापेक्षा जास्त खपला. गंमत म्हणजे तर्कही चुकीचा आणि निष्कर्षही न पटणारा, अशा वेळी फक्त 10 टक्के फसले. तर्क तपासता येत नाही असं नाही. आपण तो हवा तेव्हाच तपासतो.

उलट बाजूही बघा. सगळे सस्तन प्राणी जमिनीवर चालतात. देवमासा सस्तन प्राणी आहे. म्हणून देवमासा जमिनीवर चालतो. इथे जोड पक्की आहे. खोटं आहे ते पहिलं वाक्य. वादात आपण नेमकं इथे घोळ घालतो. समोरच्याचं गृहीतक चुकलेलं असतं आणि आपण ‘तुझं लॉजिकच गंडलंय’ म्हणत त्याच्या जोडणीवर तुटून पडतो. त्याला त्याची जोडणी ठीक दिसत असते, त्यामुळे तो हटत नाही, आणि मूळ गृहीतकाला कुणी हातच लावत नाही.

यावर उपाय मगरीचाच. मुद्दा पटला की त्यातलं नाम बदला आणि तिथे तुम्हाला न आवडणारं किंवा हास्यास्पद काहीतरी बसवा. साचा तरीही टिकला तर तर्क ठीक. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत यासाठी क्ष आणि य वापरतात, पण माझ्या मते ते कागदावरच बरं. बोलता बोलता क्ष कुणाला दचकवत नाही.

चूक: मग आधीच्या समजुती बाजूलाच ठेवायच्या

वरचं वाचून अनेक जण थेट इथे येतात. ‘पाटी कोरी ठेवून विचार करा’ हा सल्ला ऐकायला छान वाटतो, पण ‘यातून निघतं का?’ या प्रश्नापुरताच तो चालतो. ‘हे खरं असण्याची शक्यता किती?’ असं विचारलं की आधीची माहिती टाकून देणं हीच घोडचूक ठरते.

एक आजार हजारात एकाला होतो. त्याची चाचणी निरोगी माणसालाही 5 टक्के वेळा चुकून ‘पॉझिटिव्ह’ सांगते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, आणि त्याच्या लक्षणांबद्दल काहीच माहीत नाही. त्याला आजार असण्याची शक्यता किती? 1978 मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या 60 डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना हे विचारलं होतं. जवळपास निम्म्यांनी 95 टक्के असं उत्तर दिलं.

टक्के सोडा, माणसं मोजा. हजार जणांची चाचणी केली. त्यात आजारी एक. तो सापडला असं धरू. उरलेल्या 999 निरोगी लोकांपैकी 5 टक्के, म्हणजे सुमारे 50 जण, चुकून पॉझिटिव्ह. एकूण 51 पॉझिटिव्ह, त्यात खरा आजारी एक. शक्यता 2 टक्क्यांच्या आसपास. 60 पैकी 11 जणांना हे जमलं.

इथे ‘हजारात एक’ ही आधीची माहितीच उत्तर ठरवते. नवा पुरावा हातात आला की तो जुन्या माहितीत मिसळायचा असतो, तिच्या जागी ठेवायचा नसतो. त्यासाठी टक्केवारीऐवजी हजार माणसं डोळ्यांपुढे आणणं ही माझ्या अनुभवात सर्वांत कामाची युक्ती आहे. सूत्र विसरलं तरी चालतं.

चूक: मनाच्या कौलाला खलनायक ठरवणं

एक डबा आणि त्याचं झाकण मिळून 110 ग्रॅम भरतात. डबा झाकणापेक्षा 100 ग्रॅमने जड आहे. झाकण किती ग्रॅमचं? मनात झटकन 10 आलं असेल. झाकण 10 ग्रॅमचं धरलं तर डबा 110 चा, आणि दोन्ही मिळून 120. म्हणजे झाकण 5 ग्रॅमचं. याच साच्याचं बॅट आणि चेंडूचं कोडं शेन फ्रेडरिक यांनी 2005 मध्ये तीन प्रश्नांच्या छोट्या चाचणीत वापरलं, आणि नामवंत विद्यापीठांतले विद्यार्थीही त्यात मोठ्या संख्येने घसरले.

अशा कोड्यांवरून एक सोपी गोष्ट प्रचलित झाली: अंतःप्रेरणा वेगवान आणि चुकीची, तर्क संथ आणि बरोबर. प्रकरण इतकं सरळ नाही. विम डी नेस यांच्यासारख्या संशोधकांना असं दिसलं की चुकीचं उत्तर देणाऱ्यांनाही अनेकदा कुठेतरी खटकत असतं. सापळा नसलेल्या साध्या प्रश्नाच्या तुलनेत इथे त्यांचा आत्मविश्वास थोडा कमी भरतो. सायमन हँडली आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये इव्हान्स यांच्या उलटा प्रयोग केला. तर्क विसरा, निष्कर्ष पटण्यासारखा आहे का तेवढंच सांगा, असं म्हटलं, तरी तर्क मध्ये लुडबुडला. म्हणजे तर्काचाही काही भाग न बोलावता, झटकन येतो. तेव्हा उत्तर देताना आत किंचित खुट्ट वाजलं, तर त्याला गप्प करू नका. ते उत्तर प्रश्नात घालून बघा, वर 120 आले तसं. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि अनुभवी माणसाच्या अंदाजाचं काय? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचा अंतःप्रेरणेवर फारसा भरवसा नव्हता. दुसरे मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मात्र आगीत शिरणाऱ्या अग्निशामकांचे अचूक अंदाज जवळून अभ्यासले होते. दोघांनी 2009 मध्ये मिळून लेख लिहिला आणि आश्चर्य म्हणजे त्यांचं जमलं. अंदाजावर विसंबायचं तर ते क्षेत्र पुरेसं नियमबद्ध हवं, आणि चूक झाली हे वेळेत कळून शिकायची संधी मिळालेली हवी. बुद्धिबळात दोन्ही असतं. शेअरचा भाव पुढच्या वर्षी कुठे जाईल, यात पहिली अटच डळमळीत. ‘मला किती ठाम वाटतंय’ ही कसोटी दोघांच्याही यादीत नाही.

चूक: ‘मी निष्पक्षपणे बघतोय’ एवढं म्हणून भागवणं

1979 मध्ये स्टॅनफर्डमध्ये 48 विद्यार्थ्यांना फाशीच्या शिक्षेवरचे दोन अभ्यास वाचायला दिले. निम्मे विद्यार्थी शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. एक अभ्यास म्हणे की शिक्षेमुळे खून कमी होतात, दुसरा म्हणे होत नाहीत. दोन्ही संशोधकांनीच रचलेले. दोन्ही गटांनी तेच दोन कागद वाचले आणि उठले ते आपापल्या मतावर आणखी ठाम होऊन. प्रत्येकाला विरोधी अभ्यासात पद्धतीच्या चुका सापडल्या, आपल्या बाजूच्या अभ्यासात कमी.

पुढे 1984 मध्ये त्याच संशोधकांपैकी दोघांनी, आणखी एकाला घेऊन, उपाय शोधला. ‘निष्पक्ष राहा’ असं बजावून काही उपयोग झाला नाही. पण ‘हाच अभ्यास, हीच पद्धत, फक्त निकाल उलटा आला असता, तर तुम्ही त्याला इतकेच गुण दिले असते का?’ असं विचारायला लावलं, तेव्हा पक्षपात ओसरला. हा प्रश्न पाठ करा, खास करून आवडलेली बातमी पुढे पाठवण्याआधी.

चूक: ‘हो’ मिळेल असंच विचारणं

2, 4, 6. हे तीन आकडे एका नियमात बसतात; तुम्ही हवे तेवढे त्रिकूट सुचवून नियम ओळखा. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 मध्ये हा खेळ मांडला. लोक 8, 10, 12 विचारत, मग 20, 22, 24. दरवेळी ‘हो’. मग आत्मविश्वासाने सांगत: दोनदोनने वाढणारे आकडे. चूक. नियम होता फक्त चढते आकडे. 1, 7, 50 विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण ‘नाही’ येईल असं वाटणारं त्रिकूट कुणाला सुचवावंसं वाटत नाही.

हे सगळं माहीत असूनही मी तीन आठवडे घरच्या राउटरला शिव्या घातल्या. लॅपटॉपचं वायफाय तुटलं की राउटर बंद-चालू करायचो, पुन्हा जोडलं जायचं, आणि माझी खात्री एक पायरी वर चढायची. शेवटी मुलीने विचारलं, ‘बाबा, ते तुटतं तेव्हा मोबाइलवर चालू असतं का?’ मी एकदाही बघितलं नव्हतं. मोबाइलवर सुरळीत चालू होतं. लॅपटॉपमधली वीज वाचवायची एक सेटिंग बदलली आणि तक्रार संपली. नवा राउटर अजून खोक्यातच आहे.