भंगारातला धातू ओळखायचा कसा: माझा अनुभव

पंपाचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजलं होतं, नवं गनमेटलचं (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचं) करायचं होतं. जुन्या बाजारातून किलोवर आणलेल्या तुकड्यांचा खोका घरात होता, पण त्यात गनमेटल कुठलं हे कळायला हवं होतं.

आधी लोहचुंबक फिरवला. पितळी मुलाम्याचं लोखंड इथेच पकडलं जातं. स्टेनलेसच्या बाबतीत मात्र चुंबकावर विसंबू नका. ४३० ग्रेडचं चिकटतं, ३०४ ग्रेडचं चिकटत नाही, पण वाकवलेल्या जागी तेही किंचित ओढतं. चिकटलेले तुकडे ग्राइंडरला लावले (चष्मा हवाच): माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ, जुन्या कानशीच्या फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आखूड, लालसर. पितळ, अ‍ॅल्युमिनियम चाकाला लावू नये, चाक भरून जातं.

न चिकटणाऱ्यांसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सगळ्यात कामाचा. तुकडा कोरडा तोलायचा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा आणि तुकडा दोऱ्याने पूर्ण बुडवून धरायचा, तळाला टेकू न देता. दिसतील तितके ग्रॅम म्हणजे तितके घनसेंटिमीटर. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता. एक करडा तुकडा १३२ ग्रॅम, पाण्यात २०, म्हणजे ६.६: जस्ताचं डायकास्टिंग (साच्यात दाबाने ओतलेला भाग). अ‍ॅल्युमिनियम असतं तर २.७ च्या आसपास आलं असतं.

पितळ आणि गनमेटल घनतेत फार जवळ, तिथे कानस मारून रंगच बघावा. पितळ पिवळं, गनमेटल तांबूस. तसा तांबूस निघालेला तुकडा लेथवर चढवला. बुश शाफ्टवर नीट बसलं, पंपाचा खडखडाट गेला.