‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ वापरताना या चुका टाळा

जून उजाडला की इंग्रजी शिकवणाऱ्या रील्सना ऊत येतो. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे धो धो पाऊस, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. माती खाल्ली जाते ती उगम सांगताना.

जुन्या इंग्लंडात म्हणे गवताच्या छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची! एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलीने हीच गोष्ट झकास रंगवली. मी विचारलं, “तुमच्याकडे गोठा शाकारतात ना? पाऊस लागला की कुत्रं छपरावर चढतं?” “नाही सर, आत येऊन गोणपाटावर बसतं,” म्हणाली आणि स्वतःच हसली. तिचा काय दोष? क्लासच्या छापील नोट्समध्येच तसं होतं. मुळात ही थाप १९९९मध्ये फिरलेल्या एका ईमेलने जगभर पोचवली.

लेखी पुरावा वेगळंच सांगतो. वेल्श कवी हेन्री वॉनच्या १६५१च्या ओळींत कुत्र्या-मांजरांची सर कोसळते, आणि छप्पर लागतं ते फेरीवाल्यांचा माल तिच्यापासून वाचवायला. १७१०मध्ये जोनाथन स्विफ्टने लंडनच्या पावसावर कविता केली. तिच्यात गटारांतून मेलेली मांजरं आणि बुडालेली पिल्लं वाहत येतात. पण म्हणूनच वाक्प्रचार पडला असं म्हणायचं, तर वॉन स्विफ्टच्या कितीतरी आधीचा. नॉर्स पुराणांतला देव ओडिन, त्याच्या लांडग्यांवरून हा वाक्प्रचार आला ही कथाही अशीच, पुराव्याविना. खरा उगम आजही पक्का लागलेला नाही.

कुणी उगम सांगू लागलं की मी आधी साल विचारतो, मग कोशातलं सर्वांत जुनं उदाहरण काढतो. दहा मिनिटांचं काम. तीस सेकंदांत विद्वान व्हायला निघालेल्यांना तेवढाही दम नसतो.

मध्ये ‘लाइक’ घुसडू नका. ‘रेनिंग लाइक कॅट्स अँड डॉग्ज’ चूक.



आणि निबंधात छाप पाडायला तर हा वाक्प्रचार वापरूच नका. स्विफ्टने १७३८मध्ये उच्चभ्रूंच्या गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवणारं पुस्तक काढलं, त्यातही तो आहे. म्हणजे तेव्हाच शिळा झाला होता. ‘इट्स पोअरिंग’ म्हणा. लंडनचा माणूसही बहुधा तेच म्हणेल.