पॅलेस्टिनी गावात उन्हाळा काढायचा असेल तर आधी पाण्याचं बघा

कामानिमित्त बेथलेहेमजवळच्या एका गावात मी तीन उन्हाळे राहिलो, त्यामुळे आपल्याकडचं कुणी तिकडे जाणार असलं की मला विचारतात, गरम किती होतं हो? गरमीचं टेन्शन घेऊ नका. डोंगराळ भाग आहे, दुपारी ऊन चटका देतं पण रात्री गच्चीवर बसलात तर अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. टेन्शन पाण्याचं घ्या.

पाऊस तिकडे हिवाळ्यात पडतो, जून ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही आणि नळाला पाणी रोज येत नाही, आमच्याकडे एकदा अठरा दिवस आलं नव्हतं. म्हणून घर बघायला गेलात की खोल्या नंतर बघा, आधी गच्चीवर जाऊन काळ्या टाक्या किती आहेत ते मोजा आणि अंगणात बीर आहे का विचारा, बीर म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी. पाणी आलं की अख्ख्या गल्लीत मोटारी सुरू होतात, रात्रीचे दोन वाजले असले तरी उठायचं, आधी टाक्या भरायच्या, मग मशीन लावायचं. भाज्या धुतलेलं पाणी पुदिन्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात. टँकर मागवता येतो पण महाग पडतो. समोरच्या टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीत मात्र नळ चालू असतो, आणि 1967 मध्ये इस्रायलने हा भाग ताब्यात घेतला तेव्हापासून नवीन विहीर खणायची तर गावकऱ्यांना इस्रायलची परवानगी लागते जी सहसा मिळत नाही, हे रोज डोळ्यासमोर बघताना मला फार त्रास व्हायचा.

एक दिवस काढून बेथलेहेमजवळच्याच बत्तीर गावाला जाच. तिथल्या दगडी बांधांच्या शेतीला 2014 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलंय. झऱ्याचं पाणी आठ घराण्यांत पाळीने वाटतात, एकेका घराण्याला एक दिवस, म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असं लोक म्हणतात. ज्यांनी शेतात दारं धरलीयत त्यांना ते बघताना घर आठवेल.

प्रवासाला सर्व्हिस, म्हणजे आपली शेअर जीपच. बसताना सलाम करायचा, पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, सुट्टे तसेच परत येतात. पासपोर्ट कायम जवळ. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझाचं युद्ध सुरू झाल्यापासून गावांच्या तोंडाशी इस्रायली लष्कराची लोखंडी गेट्स खूप वाढलीत, कधी बंद होतील सांगता येत नाही, तेव्हा निघण्याआधी ड्रायव्हरलाच रस्ता विचारा आणि सोबत पाण्याची बाटली ठेवा.

शेजारी बोलावतात आणि ते मनापासून असतं, जा. बाईंना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, उम्म अमुक, म्हणजे आपली अमक्याची आई. माझ्या घरमालकीणबाईंना मी खालती म्हणायचो, खालती म्हणजे मावशी, आणि त्यांनी मला तसंच सांभाळलं. साधी कडू कॉफी छोट्या कपात देतात, नको असेल तर कप हलवून परत द्या, नुसतं ठेवलात तर पुन्हा भरतील. पाण्याची एवढी ओढाताण असताना पाहुण्याला पहिला ग्लास गार पाण्याचा येतो, तो उरवू नका.

जुलैमध्ये रात्री धडाधड आवाज आले तर लगेच घाबरू नका, आधी शेजाऱ्यांना विचारा, तौजिहीचा, म्हणजे त्यांच्या बारावीचा, निकाल लागला म्हणून फटाके असतील नाहीतर लग्नाचे असतील. लग्नं सगळी उन्हाळ्यातच, आमंत्रण अख्ख्या गावाला. पाकिटात पैसे घालून न्या आणि दबकेच्या, म्हणजे हात धरून रांगेत करायच्या नाचाच्या, रांगेत कुणी हात धरला तर सोडवून घेऊ नका, पावलं आपोआप जमतात.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये निवडुंगाची बोंडं खा, पहाटे काढलेली, गार केलेली. उघड्या हाताने धरू नका, बारीक कुसं दोन दिवस निघत नाहीत, मावशींना सोलून द्यायला सांगा. या फळाला म्हणतात सब्र, आणि अरबीत धीरालाही सब्रच, आपली सबुरी तिथूनच आलीय. 1948 च्या युद्धाच्या वेळी उद्ध्वस्त झालेली पॅलेस्टिनी गावं कुठे होती ते आजही कित्येक ठिकाणी या निवडुंगाच्या कुंपणावरून कळतं, मावशींनी मला पहिलं बोंड हातात देताना हे सांगितलं होतं.