जुना सर्व्हर घेताना: व्हर्च्युअलायझेशनपूर्वी कोणते भाग जुळवून पाहावेत

खान्देशातील जिनिंग कारखाने, पतसंस्था आणि लहान महाविद्यालये अनेकदा वापरलेला सर्व्हर घेऊन त्यावर दोन-चार व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) चालवतात; यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. हा मार्ग चांगला आहे. मात्र पैसे मोजण्याआधी सर्व्हरचा प्रत्येक भाग निवडलेल्या सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीशी जुळतो का, हे पाहिलेच पाहिजे.

जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाची आवक सुरू होण्याच्या आठवड्यातच आम्ही असा सर्व्हर बसवला. मॉडेल सॉफ्टवेअरशी जुळणाऱ्या सर्व्हरच्या यादीत होते, प्रोसेसर उत्तम होता, रॅम भरपूर होती. पण आतले नेटवर्क कार्ड नंतर कोणीतरी बदललेले होते आणि त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीत नव्हता. दुसरे कार्ड येईपर्यंत पाच दिवस वजनकाट्याच्या नोंदी वहीत लिहाव्या लागल्या आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकून राहिले. कार्ड आधी तपासणे माझे काम होते, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

प्रथम प्रोसेसर पाहावा. इंटेलमध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एएमडी-व्ही ही व्हर्च्युअलायझेशनची सोय असावी लागते. ती अनेकदा बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेली असते, म्हणून चालू केल्यावर यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. विंडोज सर्व्हर २०१६ पासून हायपर-व्हीला (मायक्रोसॉफ्टचे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर) याखेरीज स्लॅट ही व्हर्च्युअल मशीनची मेमरी हाताळणारी प्रोसेसरची सोयही लागते. सोय असली तरी पिढी जुनी असू शकते: इंटेलच्या झिऑन ५६०० मालिकेचा आधार ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर) ७.० मध्ये काढून टाकण्यात आला, आणि असे सर्व्हर स्वस्तात मिळतात ते बहुधा याच कारणाने.

खरी मेहनत नेटवर्क कार्ड आणि रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारे कार्ड) यांच्यावर घ्यावी. ईएसएक्सआयसाठी ब्रॉडकॉमची कम्पॅटिबिलिटी गाइड, म्हणजे जुळणाऱ्या हार्डवेअरची यादी, आहे (नोव्हेंबर २०२३ पर्यंत ती व्हीएमवेअरची होती). तिच्यात सर्व्हर आणि आतली कार्डे वेगवेगळी शोधावी लागतात. कार्डावरचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिप विकल्या जातात. विक्रेत्याच्या दुकानातच लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सर्व्हर सुरू करावा आणि ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएन’ व ‘व्ही’ या पर्यायांसह (lspci -nn -v) चालवावी. प्रत्येक कार्डाचे उत्पादक, उपकरण, उप-उत्पादक आणि उप-उपकरण असे चार क्रमांक दिसतात (इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ असतो). ते चारही लिहून घेऊन गाइडमध्ये जुळवावेत. २०२० साली आलेल्या ईएसएक्सआय ७.० ने जुन्या लिनक्स पद्धतीचे ड्रायव्हर पूर्णपणे वगळले, त्यामुळे ६.७ वर चालणारे कार्ड पुढे चालेलच असे गृहीत धरू नये. प्रॉक्समॉक्स हे असेच दुसरे सॉफ्टवेअर डेबियन या लिनक्सवर उभे असल्याने लिनक्स ओळखते ते बहुतेक हार्डवेअर त्यावर चालते. तरी त्यात झेडएफएस (डिस्क स्वतःच एकत्र सांभाळणारी फाइल प्रणाली) वापरायचे असल्यास डिस्क थेट दिसू देणारे एचबीए कार्ड घ्यावे, हार्डवेअर रेड नव्हे. मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर रेडवर मात्र विसंबू नये, कारण ईएसएक्सआयला त्या डिस्क बहुधा सुट्याच दिसतात.

रॅमबाबत थोडक्यात सांगायचे तर आरडीआयएमएम आणि यूडीआयएमएम या दोन प्रकारच्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत, आणि ईएसएक्सआय ८.० ला किमान ८ जीबी रॅम व ३२ जीबीची बूट डिस्क लागते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट जुळवून पाहावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर अनेक सर्व्हरना आत जाणारी हवा ३५ अंशांपर्यंतच चालते. आयड्रॅक (डेल) किंवा आयलो (एचपी) या सर्व्हरवर दुरून देखरेख ठेवण्याच्या सोयींमध्ये ‘इनलेट’, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचे, तापमान दिसते. ते भर दुपारी, सर्व्हरच्या नेहमीच्या जागी ठेवून पाहावे.

हे सारे जुळल्यावर बायोस आणि कार्डांचे फर्मवेअर (कार्डातच असलेले सॉफ्टवेअर) गाइडमध्ये दिलेल्या आवृत्तीवर आणावे, मगच सॉफ्टवेअर बसवावे. विक्रेत्याकडून बिलावर चारही क्रमांकांसह कार्डांची नोंद करून घ्यावी आणि न जुळल्यास कार्ड बदलून देण्याची अट त्याच बिलावर लिहून घ्यावी.