कालव्याकाठी वसलेल्या गावाचा इतिहास आणि वंशावळ कशी लिहावी

नीरा, प्रवरा, गोदावरीचे कालवे आले तशी सासवडकडची माळी शेतकरी मंडळी पाण्याच्या मागे निघाली. खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. १९३२ मध्ये त्यांनी माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ, ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ स्थापन केली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू व्हायला अजून बराच अवकाश होता. माळीनगर हे गाव या कारखान्याभोवती वाढलं.

अशा गावांत सहसा गढी नसते, वीरगळ नसतो, जुनं वतन नसतं. म्हणून त्यांना इतिहासच नाही असं लोक धरून चालतात. इतिहास आहे, पण त्याचे कागद दोन ठिकाणी पडले आहेत: काही नव्या गावी, काही मूळ गावी. घराणं नव्या गावी कधी आलं ते आधी पक्कं करायचं आणि तिथून मागे जायचं. सुरुवातच मूळपुरुषापासून करणारे बहुतेक जण दंतकथेत अडकतात.

१. घरातल्या थोरांशी बोला. नुसतं पणजोबांचं नाव विचारून भागत नाही. आधी कोणत्या कालव्यावर होतो, इथे कुणाच्या ओळखीने आलो, पहिला मळा कोणत्या चारीवर होता, जमीन खंडाची की खरेदीची, जावळ कुठे काढतात, कुलदैवताला कुठे जातात, हे सगळं विचारा. वर्ष आठवत नसेल तर पानशेत फुटलं (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ, यांच्या आधी की नंतर ते विचारा. बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, पण परवानगी घेऊनच.

२. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढा. माझ्या मते सगळ्यात भरवशाचं साधन हेच. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात. ते टिपून तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही बघता येतात. खरेदीच्या नोंदीतून घराणं गावात आल्याचा काळ कळतो. वारस नोंदीत मयताचं नाव, मृत्यूची तारीख, विधवा, मुलगे आणि पुष्कळदा लग्न झालेल्या मुलीही सापडतात. एका वारस नोंदीत वंशावळीची एक अख्खी पिढी उभी राहते. ‘३२ ग’ असा उल्लेख दिसला तर जमीन कूळकायद्याने मिळाली असं समजा. १ एप्रिल १९५७ हा त्यातला महत्त्वाचा दिवस, कारण त्या दिवसापासून जमीन कसणारी कुळं तिची मालक धरली गेली.

खंडकऱ्यांची, म्हणजे कारखान्यांना खंडाने जमिनी देणाऱ्या मूळ मालकांची, प्रकरणंही चाळा. खासगी कारखान्यांकडे खंडाने असलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर सरकारजमा झाल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. त्या परत मिळवताना खंडकऱ्यांच्या वारसांना नातं सिद्ध करावं लागलं, त्यामुळे या फायलींत वंशावळी आयत्या जोडलेल्या असतात.

३. आता मूळ गावी जा. तिथे गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर मागा. शाळा सोडून गेल्याची तारीख आणि कारण रजिस्टरात असतं. घराणं गाव सोडून निघालं कधी, ते तिथे अचानक हाती लागतं. आडनावावर विसंबू नका. जुन्या कागदांत आडनावाच्या जागी नुसतं ‘माळी’ असू शकतं. नावांची साखळी ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) आणि ‘कोम’ (अमक्याची बायको) यांवरून जुळवा.

जुने कागद बरेचदा मोडी लिपीत असतात. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. आपल्या घरचा कागद स्वतः वाचण्यासाठी तेवढे कष्ट जरूर घ्यावेत.

४. वह्या राखणारे गाठा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं गाववार असतात. तिथे नव्या गावाचं नाव सांगून उपयोग नाही, मूळ गावच सांगा. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी, म्हणजे वंशावळी सांगत फिरणारे लोक, घराण्यांच्या पिढ्या सांगतात. त्यांचं ऐका, मान द्या, पण फेरफाराशी ताडून पाहिल्याशिवाय पक्कं धरू नका.

५. बायकांची नावं आणि माहेरं लिहा. पुरुषांचीच नावं असलेली वंशावळ मला अर्धीच वाटते, आणि वसाहतीच्या गावात तर ती दिशाभूलही करते. सुना कुठून आल्या, मुली कुठे दिल्या, यावरून मूळ गावाशी सोयरीक किती काळ टिकली आणि नव्या मुलखात नाती कधी जुळू लागली ते दिसतं. जुन्या लग्नपत्रिका म्हणूनच जपा.

६. जमीन नसलेल्यांना विसरू नका. कारखान्याच्या चाळीतले कामगार, गाडीवान, ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेली कुटुंबं यांचा फेरफार सापडणार नाही. त्यांच्यासाठी मतदार याद्या, शाळेचं रजिस्टर आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, म्हणजे नमुना ८, बघा. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार लोकसंख्या मिळते. तिच्यावरून गाव कोणत्या दशकात वाढलं ते ठरवता येतं.

७. लिहिताना प्रत्येक नावापुढे आधार टाका: फेरफार क्रमांक, रजिस्टरचं वर्ष किंवा कुणी सांगितलं ते. दोन आधार जुळत नसतील तर दोन्ही द्या. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि जमिनीचे वाद छापू नका. एक प्रत नव्या गावच्या वाचनालयात ठेवा आणि एक मूळ गावच्या.