घरात तीन लहान मुले असताना दिवसाचा क्रम कसा बसवावा

घरात एकच मूल असते तोवर त्याच्या कलाने दिवस चालवता येतो. दुसरे आले की दोघांच्या भुका आणि झोपा जुळवाव्या लागतात, आणि तिसरे आल्यावर घड्याळ समोर ठेवून आखलेले वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोलमडते, कारण तान्ह्याची झोप, मधल्याचे जेवण आणि थोरलीची शाळेची बस यांपैकी काहीच दुसऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून वेळा ठरवण्यापेक्षा क्रम ठरवावा, असा माझा आग्रह आहे. आंघोळीनंतर जेवण, जेवणानंतर दात घासणे, मग गोष्ट आणि मग दिवा बंद, हा क्रम रोज तोच राहिला, तर तो साडेसातला सुरू झाला काय किंवा सव्वाआठला सुरू झाला काय, पुढे काय येणार हे मुलांना ठाऊक असते आणि प्रत्येक पायरीवर नव्याने वाद घालावा लागत नाही. पुढील सूचना देताना सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांचे बाळ असलेले, शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधील घर मी डोळ्यांसमोर ठेवले आहे. वये वेगळी असतील तर तपशील बदलतील, पण पद्धत बदलण्याचे कारण नाही.

सकाळची तयारी आदल्या रात्री

शाळेच्या दिवसाची तयारी आदल्या रात्रीच्या जेवणानंतर लगेच करावी. थोरलीने वेळापत्रक पाहून आपले दप्तर स्वतः भरावे, आणि मोठ्यांनी फक्त सहीसाठी आलेली वही तशीच राहिली नाही ना, एवढे पाहावे. गणवेश, मोजे आणि रुमाल प्रत्येकाच्या वेगळ्या टोपलीत काढून ठेवावेत. भाजी चिरून, भिजत घालायचे ते भिजत घालून ओटा मोकळा करावा. डब्याला काय द्यावे हा प्रश्न सकाळी सहा वाजता पडू नये म्हणून आठवड्याच्या डब्यांची यादी रविवारीच फ्रिजच्या दारावर लावावी, आणि तीत थालीपीठ, धिरडी, दशमी, इडली, पोळीचा लाडू असे दोन्ही मुलांना चालणारे पदार्थ ठेवावेत. दोघांना दोन वेगळे पदार्थ करून देण्याची सवय एकदा लागली की ती मोडणे फार अवघड जाते, म्हणून ती मुळात लावूच नये.

उठवताना वयाचा मान ठेवण्याची गरज नाही. ज्याला आवरायला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याला आधी उठवावे. बहुतेक घरांत तो मान मधल्याचा असतो, कारण चार वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणे स्वतःच लावायची असतात आणि ती लावताना तो मध्येच खिडकीतल्या कावळ्याकडे पाहत बसतो. त्याच्या हातून बटण काढून घेण्यापेक्षा दहा मिनिटे आधीच धरून चालावे. आई-वडिलांपैकी एकाने तरी मुले उठण्यापूर्वी स्वतःची आंघोळ आणि चहा उरकलेला असावा, कारण तिन्ही मुले जागी झाल्यावर ते साधत नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, तो मुलांची झोप पुरी होत नाही या कारणासाठीच; ज्यांच्या शाळेने ही वेळ पाळली आहे, त्यांनी मिळालेला वेळ शिकवणीत न घालवता झोपेलाच द्यावा.

आंघोळ आणि भरलेल्या बादल्या

आंघोळीचीही रांग ठरलेली असावी, पण इथे सोयीपेक्षा सुरक्षिततेचा विचार आधी करावा. बादलीत नेहमी गार पाणी आधी आणि गरम पाणी नंतर घालावे, आणि बाळाला बसवण्यापूर्वी कोपर बुडवून पाणी पाहावे. पाणी तापवण्यासाठी विजेचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये, आणि ती बादली हलवेपर्यंत न्हाणीघराला बाहेरून कडी असावी. रांगणारे बाळ बादलीच्या काठाला धरून उभे राहते, तोल जाऊन डोक्यावर आत पडते आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. तळाशी असलेले थोडेसे पाणीही त्याला पुरते. ज्या शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते तिथे घरात भरलेल्या बादल्या आणि पिंपे असणारच, तेव्हा त्यांवर घट्ट झाकण ठेवावे आणि वापर झालेली बादली लगेच पालथी घालावी. आंघोळ चालू असताना दाराची घंटा वाजली तर थोरलीला बाळाकडे लक्ष ठेवायला सांगून उठू नये. बाळाला पंचात गुंडाळून सोबत घ्यावे, किंवा घंटा वाजू द्यावी. सात वर्षांच्या मुलीवर ही जबाबदारी टाकणे तिच्यावरही अन्याय आहे.

एका कुकरमधून तीन वयांचे जेवण

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ अंगावरचे दूध चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वरचे अन्न म्हणजे वेगळा स्वयंपाक, असे मात्र समजू नये. कुकर उघडला की मीठ पडण्यापूर्वी वरण आणि मऊ भात बाळाच्या वाटीत काढावा, चमच्याने मोडावा आणि वर तूप सोडावे. उरलेल्या वरणात मीठ आणि हळद घालून मधल्याचे लिंबू पिळलेले ताट वाढावे, आणि मग मोठ्यांसाठी तिखट फोडणी द्यावी. मुगाची खिचडी आणि भोपळा किंवा बटाट्याची भाजी यांनाही हीच रीत लागू पडते. बाळ चमच्याने खाते आहे तोवर मधल्याने स्वतःच्या हाताने जेवावे. सांडलेले नंतर पुसता येते. ताटात एखादी भाजी आवडीची नसेल तर एक घास वाढावा आणि त्यावर चर्चा करू नये.

दोन गोष्टींबाबत मात्र सवलत ठेवू नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे, पण मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान वयात बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे आजीने कितीही प्रेमाने सांगितले तरी आदराने नकार द्यावा. दुसरी गोष्ट अख्ख्या शेंगदाण्यांची, फुटाण्यांची आणि द्राक्षांची. हे पदार्थ लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतात आणि हा धोका चार वर्षांच्या मधल्यालाही आहे, म्हणून शेंगदाणे कूट करून आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत. अनेक मुले असलेल्या घरात बाळाच्या तोंडात नको ते घालणारा हात बहुधा दादाचा किंवा ताईचा असतो, आणि तो हात मायेचाच असतो. त्यांना रागावू नये. बाळाला काहीही भरवण्यापूर्वी ते मोठ्यांना दाखवायचे, एवढा एक नियम शिकवावा. मणी, लहान लोहचुंबक आणि विशेषतः रिमोटमधल्या किंवा खेळण्यांमधल्या बटणाएवढ्या सपाट बॅटऱ्या थोरलीच्या उंच कपाटात राहाव्यात. अशी बॅटरी गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.

संध्याकाळचे दोन तास

सगळ्यात कठीण काळ संध्याकाळी सहा ते आठ हा असतो. तिघेही दमलेली असतात, मोठे नुकतेच कामावरून आलेले असतात आणि कणीक मळायची राहिलेली असते. या वेळेचा क्रम सर्वांत घट्ट ठेवावा: घरी येताच हातपाय धुणे, लगेच पोटभर खाणे, मग खाली खेळायला जाणे, दिवेलागणीला परत येणे आणि घरात शुभंकरोति म्हणण्याची पद्धत असेल तर तिन्ही मुलांनी एकत्र बसून ते म्हणणे. खाणे आधी आणि खेळ नंतर हे महत्त्वाचे आहे, कारण भुकेलेल्या मुलांची भांडणे समजावून मिटत नाहीत. चार वाजताचे खाणे साडेसहापर्यंत लांबले असेल, तर तेच रात्रीचे जेवण समजून पोळी-भाजी द्यावी आणि झोपताना फक्त दूध द्यावे.

स्वयंपाक होईपर्यंत मोबाइल हातात द्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षे या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे सांगते. पण तिघे एकाच खोलीत असताना मधल्याचा तास बाळाचाही तास होतो. त्यापेक्षा मधल्याला स्वयंपाकघराच्या दाराशी, शेगडीपासून दूर, सतरंजीवर बसवून मटार सोलायला किंवा लसणाच्या पाकळ्या सुट्या करायला द्याव्यात, नाहीतर कणकेचा गोळा द्यावा. काम हळू होते, पण तो डोळ्यांसमोर राहतो आणि त्याला आपण उपयोगी असल्याचे समाधान मिळते. थोरलीने वाचनाचा धडा त्याला मोठ्याने वाचून दाखवला, तर तिचा गृहपाठही होतो.

भांडणे आणि "तू मोठी आहेस ना"

भांडण प्रत्यक्ष पाहिले नसेल तर न्यायनिवाडा करू नये. वस्तू उचलून वर ठेवावी, दोघांना दोन ठिकाणी बसवावे आणि शांत झाल्यावर पुढच्या कामाला लावावे. मारणे, चावणे किंवा ओरबाडणे झाले असेल, तर आधी ज्याला लागले त्याच्याकडे जावे आणि ज्याने मारले त्याला थोडक्यात, आवाज न चढवता सांगावे. आपल्याकडे "तू मोठी आहेस ना, देऊन टाक" हे वाक्य फार सहज निघते, आणि सात वर्षांची मुलगी दिवसातून अनेकदा ते ऐकते. ती मोठी नाही; ती तिघांत थोरली आहे, इतकेच. प्रत्येक मुलाला एक खण किंवा पेटी अशी असावी जिच्यातील वस्तू कुणालाही द्यावी लागत नाही. बाकी सर्व खेळणी सर्वांची.

प्रत्येक मुलाला रोज थोडा वेळ आई किंवा वडील एकट्याने मिळावेत. त्यासाठी वेगळा वेळ शोधत बसू नये, तो चालू कामातूनच काढावा: भाजी आणायला थोरलीला एकटीला न्यावे, मधल्याला कपड्यांच्या घड्या घालताना जवळ घ्यावे. बाळाला हा वेळ दूध पिताना मिळतोच. मधल्याची आठवण मुद्दाम ठेवावी लागते.

आजारपण

एकाला सर्दी-ताप आला की तो घरभर फिरतो. पेला, रुमाल आणि टॉवेल वेगळे करावेत आणि हात धुण्यावर भर द्यावा, पण मुलांना एकमेकांपासून पूर्ण तोडण्याच्या नादी लागू नये. खरा धोका औषधांच्या गोंधळाचा असतो. पॅरासिटामॉलच्या बाळासाठीच्या थेंबांमध्ये १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये ते ५ मिलिलिटरमध्ये साधारण १२० ते २५० मिलिग्रॅम असते. म्हणजे थोरलीच्या सिरपचे माप लावून थेंबांचे औषध दिले तर अतिशय जास्त मात्रा पोटात जाते. प्रत्येक बाटलीवर मुलाचे नाव आणि डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले माप ठळक अक्षरांत लिहावे, आणि कुणी, कुणाला, किती वाजता औषध दिले हे फ्रिजवरील कागदावर लगेच नोंदवावे, म्हणजे आईने दिलेली मात्रा वडिलांकडून पुन्हा दिली जात नाही.

जुलाब झाल्यास ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात एकदम मिसळावे, अर्धे-अर्धे करू नये, आणि २४ तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. मूल सुस्त पडले, पिता येईना, डोळे खोल गेले किंवा लघवी फार कमी झाली, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे नळाचे वाहते गार पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक थोरलीला पाठ असावेत, आणि घराचा पत्ताही.

झोप आणि कामांची वाटणी

दहा महिन्यांच्या बाळाला दिवसा-रात्री मिळून १२ ते १६ तास, चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि सात वर्षांच्या मुलीला ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी उठण्याच्या वेळेतून हे तास मागे मोजले की दिवा कधी बंद व्हावा ते कळते. दोन मोठी माणसे घरी असतील तर एकाने बाळाला आतल्या खोलीत झोपवावे आणि दुसऱ्याने बाहेर गोष्ट सांगावी. मोठे माणूस एकच असेल तर आधी बाळ झोपवावे, आणि तोवर दोघांना चित्रांची पुस्तके द्यावीत.

कामे वाटताना अर्धवट कामे वाटू नयेत. "डब्याचे तू बघ" असे ठरले, तर भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सगळे त्याच माणसाकडे असावे, नाहीतर विचार करण्याचे ओझे पुन्हा आईवरच राहते. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे ठरावीक एकच गोष्ट द्यावी, उदाहरणार्थ दुपारची झोप किंवा बसथांब्यावर जाणे, आणि ती त्यांच्या पद्धतीने होऊ द्यावी.

बसवलेला क्रम काही महिन्यांनी बदलावाच लागतो. बाळाची सकाळची झोप सुटते, मधल्याची शाळा सुरू होते, परीक्षा किंवा सुट्टी येते. अशा वेळी एकदम सगळे न बदलता एकच पायरी बदलावी, ती किमान आठवडाभर तशीच ठेवावी आणि बदल होण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही मोठ्या मुलांना बसवून सांगावे: उद्यापासून बाळ तुमच्यानंतर झोपेल, म्हणून गोष्ट आधी होईल.